ट्रकवाल्याला ट्रकचे प्रश्न विचारा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : जड वाहनाच्या लायसन्ससाठी वेगळी लेखी परीक्षा आणि तिच्या तयारीची सोय

महोदय,

सरकारला पत्र लिहिणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी कमी करून मागतो. फी कमी करा, कागद कमी करा, चकरा कमी करा. मी वाढवून मागतो आहे. आमच्या परतवाड्याच्या पोट्ट्यांना ट्रकचं लायसन्स देण्याआधी एक पेपर जास्त घ्या, आणि तो पास होण्याइतकं शिकायची सोय करून द्या. दोन्ही गोष्टी जोडीनेच हव्यात. नुसता पेपर वाढवला तर एजंटाचा दर वाढेल, आणि नुसती सोय केली तर तिकडे कोणी फिरकणार नाही.

माझी ओळख एवढीच की आयुष्यभर गॅरेज चालवलं. मोठ्या गाड्यांचं ब्रेकचं काम. आता हात साथ देत नाही म्हणून धंदा पोराने सांभाळला आहे, आणि मी संध्याकाळी लर्निंगच्या पेपराची तयारी करणाऱ्या मुलांना घेऊन बसतो. फी घेत नाही, चहा मात्र त्यांच्याच पैशाने पितो.

परतवाडा म्हणजे अचलपूरला लागून, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. इंग्रजांच्या काळात इथे छावणी होती. आज इथून एक रस्ता अमरावतीला जातो, एक अंजनगाव-अकोटवरून अकोल्याकडे, एक बहिरमवरून मध्य प्रदेशात बैतूलकडे आणि एक घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला. मेळघाटातलं सागवान इथल्या वनविभागाच्या डेपोत लिलावाला येतं आणि तिथून देशभर जातं. अचलपूर-चांदूर बाजारचा संत्रा, कास्तकाराचा कापूस, जिनिंगमधल्या गठाणी, सरकी, सगळ्याला गाडी लागते. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी शकुंतला रेल्वे होती, तीही बंद पडली. आता जे काही हलतं ते रबरी चाकांवर हलतं. म्हणून आमच्याकडे हेवी लायसन हातात आलं म्हणजे पोरगं मार्गी लागलं, असा हिशेब आहे.

हे लायसन्स मिळतं कसं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण हे पत्र खुलं आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. ट्रकच्या लायसन्सला वयाची २० वर्षं पुरी व्हावी लागतात. हलक्या वाहनाचं लायसन्स निदान वर्षभर हातात असावं लागतं. मग जड वाहनाचं लर्निंग निघतं. डॉक्टरांचा फॉर्म १-अ, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ जोडावा लागतो, आणि शेवटी मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी चालवून दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे लायसन्स पाच वर्षं चालतं.

आता या शिडीत लेखी परीक्षा कुठे येते ते पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यातला नियम ११ हा लर्निंगच्या चाचणीचा. रस्त्यावरची चिन्हं आणि वाहतुकीचे नियम, अपघात झाल्यावर चालकाचं कर्तव्य, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची खबरदारी, आणि जवळ बाळगायचे कागद, असे चार विषय त्यात आहेत. ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. आपल्याकडे १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. आणि त्याच नियमात पुढे लिहिलं आहे की ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे, त्याला ही चाचणी लागू नाही.

महोदय, ट्रकचं लर्निंग मागणाऱ्या प्रत्येकाकडे चालू लायसन्स असतंच. नसेल तर त्याला अर्जच करता येत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी गिअरची मोटरसायकल किंवा कार चालवण्यासाठी दिलेले ते १५ प्रश्न हीच त्याची पहिली आणि शेवटची लेखी परीक्षा. त्यानंतर तो साडेअठरा टनांची गाडी घेऊन घटांगचा घाट उतरला, तरी घाट, वजन, हवेचा ब्रेक यातलं त्याला काय कळतं, हे कागदावर कोणी कधी विचारत नाही.

त्यातही आणखी एक वाट मोकळी झाली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. निकाल योग्यच आहे. विम्याच्या दाव्यांत गरीब ड्रायव्हरची होणारी ओढाताण त्याने थांबली. पण आमच्याकडचा संत्रा बगीच्यातून मंडीपर्यंत येतो तो याच छोट्या गाड्यांत, कॅरेटवर कॅरेट चढवून. त्या पोट्ट्यांच्या वाट्याला तर हेवीचा फॉर्म ५ सुद्धा येत नाही. त्यांच्यासाठी ते १५ प्रश्नच सगळं काही.

त्या १५ प्रश्नांना मी नावं ठेवणार नाही. प्रश्नसंच चांगला आहे. अरुंद पुलावर समोरून गाडी शिरत असेल तर थांबा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. पादचारी रस्ता ओलांडायला उभे असतील तर गाडी उभी करा. एकेरी मार्गावर रिव्हर्स घेऊ नका. हे मनापासून शिकलेला माणूस रस्त्यावर शहाण्यासारखाच वागेल. अडचण शिकण्याच्या पद्धतीत आहे. माझ्याकडे येणारी मुलं मोबाईलवर प्रश्नसंच उघडतात आणि उत्तराचं तोंड पाठ करतात. लाल गोल दिसला की मनाई, त्रिकोण दिसला की पुढे धोका, निळी पाटी दिसली की माहिती. इथपर्यंत ठीक, चिन्हं अशीच लक्षात राहतात. पण पुढे प्रश्न न वाचताच "सगळ्यात लांब उत्तर बरोबर असतं" हेही ती शिकतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे पुष्कळदा ते जमूनही जातं. २०२१ पासून लर्निंगची परीक्षा आधारच्या जोरावर घरबसल्या देता येते. धारणीच्या पोराचा अमरावतीचा हेलपाटा वाचला, हे उपकारच. पण माउसवर बोट कोणाचं होतं, हे त्या घराच्या भिंतींनाच ठाऊक.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा यायचा. वडील ट्रकवर, हा त्यांच्याच गाडीवर क्लीनर. चिन्हं विचारली तर एक चुकायचं नाही. "पुढे तीव्र उतार" ही पाटी तर त्याने नुसत्या सावलीवरून ओळखली असती. मी विचारलं, "पाटी ओळखली. आता गाडी कोणत्या गिअरमध्ये?"

तो म्हणाला, "न्यूट्रल, काका. डिझेल वाचते."

"कोणी सांगितलं?"

"सगळेच मारतात."

त्याला घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो. त्याच दिवशी एका दहाचाकीचा मागचा ड्रम उघडला होता. आत लायनर काळाभोर, आरशासारखा गुळगुळीत, आणि ड्रमच्या बिडावर निळी झाक. बोट फिरवलं तर केसासारख्या बारीक भेगा लागत होत्या. मी त्याला सांगितलं ते असं. तू ब्रेक दाबून धरतोस तेव्हा गाडीचा सगळा वेग उष्णता होऊन या ड्रममध्ये जातो. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब सरकतो. मग पेडल खाली जातं, पण पकड येत नाही. लायनर जळून गुळगुळीत झाला की उरलीसुरली पकडही जाते. आमच्या भाषेत ब्रेक "सुटला". खरं म्हणजे तो सुटलेला नसतो, भाजलेला असतो. गाडी गिअरमध्ये असती तर हे ओझं इंजिनाने उचललं असतं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा उस्तादांचा जुना नियम त्यासाठीच आहे. आणि डिझेलचं म्हणशील तर आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. वाचवायला गेला तो, आणि खर्चही त्यानेच केला.

मुलगा त्या ड्रमकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे पेपरात का नाही येत?"

महोदय, त्याचा हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो आहे.

हे सगळं शिकवायचंच नाही, असं कायद्याने कुठेही म्हटलेलं नाही. केंद्रीय नियमांतला नियम ३१ काढून पाहा. ड्रायव्हिंग स्कूलने काय शिकवावं, याचा अभ्यासक्रम तिथे भाग पाडून दिला आहे. जड वाहनाच्या चालकासाठी वेगळा सिद्धांत, वाहतूक शिक्षणाचा दुसरा भाग, जड वाहन चालवण्याचा सराव, आग लागण्याचे धोके, गाडीची देखभाल, प्रथमोपचार. इतकंच काय, रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाशी सभ्यपणे कसं वागावं, यालाही त्यात जागा दिली आहे. हा कागद कोणी लिहिला असेल त्याला माझा नमस्कार. त्यापुढे २०२१ साली मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. त्यांत मध्यम आणि जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरवला गेला.

अभ्यासक्रम आहे, परीक्षा नाही. ज्याची परीक्षा नाही ते शिकवलं जात नाही, हे आपल्या देशातल्या कुठल्याही शाळेत जाऊन पाहा. काही ड्रायव्हिंग स्कूल मन लावून शिकवतात, त्यांना मी ओळखतो. पण जिथे फॉर्म ५ हा शिकल्याचा पुरावा न राहता फाइलीतला एक कागद होतो, तिथे मुलगा खरोखर शिकला की नाही हे तपासायचं एकही साधन आपल्या हातात नाही. निरीक्षकासमोर दहा मिनिटं सपाट रस्त्यावर गाडी चालवून घाट कळत नाही.

आणखी एक उदाहरण कायद्यातलंच. ज्वलनशील किंवा विषारी माल नेणाऱ्या चालकाला नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण पास व्हावं लागतं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते. त्याचं लायसन्सही तीनच वर्षं चालतं. टँकर धोक्याचा, म्हणून चालकाचं ज्ञान तपासायचं, हे सरकारला मान्य आहे. मग सागाचे ओंडके भरून सेमाडोहच्या वळणांवरून खाली येणारा ट्रक धोक्याचा नाही का? याच रस्त्यावर २०२४ साली प्रवासी बस पुलाखाली गेली आणि माणसं दगावली. देशाचा आकडा तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आहे : २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. ही सगळी ट्रकमुळे गेली असं मी म्हणत नाही. पण ट्रक ज्या अपघातात असतो, त्यात समोरच्याला सहसा दुसरी संधी मिळत नाही.

बाहेर काय चालतं ते थोडं पाहू. ब्रिटनमध्ये लॉरीचं लायसन्स मागणाऱ्याकडे कारचं लायसन्स असतंच, तरी त्याला लॉरीचा वेगळा पेपर द्यावा लागतो. १०० प्रश्न, त्यातले ८५ बरोबर हवेत. शिवाय पडद्यावर रस्त्याच्या चित्रफिती दाखवून धोका त्याने किती लवकर ओळखला, हे मोजतात. अमेरिकेत ट्रकच्या सर्वसाधारण पेपराखेरीज एअर ब्रेकचा पेपर वेगळा असतो. तो दिला नाही तर हवेच्या ब्रेकची गाडी चालवता येत नाही. ते देश श्रीमंत आहेत, तिथली कचेरी वेगळी, हे मला कळतं. पण ड्रम तिथेही तापतो आणि इथेही तापतो.

मग आपल्या पेपरात विचारायचं काय? परतवाड्याच्या बाकावरून मला सुचतं ते लिहितो.

पहिला विषय घाटाचा. वर लिहिलंच आहे. त्यात हवेच्या गेजचा एक प्रश्न घाला : हवा कमी झाल्याचा बझर वाजला तर काय कराल? आमच्या पोरांमधले निम्मे सांगतात, "थोडी रेस देऊन पुढे जाऊ." हवा फार उतरली की मागच्या स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागतो आणि गाडी भर वळणावर जाम होते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

दुसरा विषय वजनाचा. २०१८ साली केंद्राने धुऱ्यांवरची वजनाची मर्यादा वाढवली. दोन धुऱ्यांच्या सहाचाकी ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. गाडीसकट इतकं, नुसता माल नव्हे, ही साधी गोष्टही अनेकांना माहीत नसते. जादा भरलं तर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मुख्य म्हणजे हा दंड चालवणाऱ्यालाही आहे आणि चालवायला लावणाऱ्यालाही. हे पेपरात आलं तर उद्या मालक म्हणाला, "अजून दोन टन टाक, पाटे मजबूत आहेत," तेव्हा पोराच्या तोंडात कायदा असेल. आज त्याच्या तोंडात "हो शेठ" एवढंच असतं.

तिसरा विषय अपघाताचा, आणि यासाठी मी हात जोडतो. जानेवारी २०२४ मध्ये नव्या भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२) विरुद्ध ट्रकवाल्यांनी संप केला. राज्यभर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. अपघातात माणूस मेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते कलम. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम लागू करायचं सरकारने थांबवलं. संपाच्या वेळी आमच्या चौकात जी चर्चा ऐकू आली तिचा सूर एकच होता : "थांबलो तर पब्लिक मारते, पळालो तर सरकार मारते."

आता मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ पाहा, जे आजच्या १५ प्रश्नांच्या विषयांतच येतं. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात नेणं हे चालकाचं कर्तव्य आहे. पण त्याच वाक्यात एक सवलत आहे : जमावाचा उद्रेक किंवा आपल्या हाताबाहेरचं दुसरं कारण असेल तर ते बंधन नाही. जागेवर पोलीस नसेल तर शक्य तितक्या लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात कळवायचं. आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. म्हणजे जिवाच्या भीतीने जागा सोडावी लागली, तरी कायदा त्याला थेट ठाण्याचा रस्ता दाखवतो. हे एक वाक्य प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं, तर अपघातानंतर गाडी रानात सोडून तीन दिवस मामाच्या गावी लपणारी पोरं ठाण्यात गेली असती. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ साली कलम १३४-अ आलं, तेही त्यांना शिकवा. प्रश्नसंचात या विषयावर प्रश्न आहे, मान्य. पण चार पर्यायांतला एक ओळखणं वेगळं, आणि रात्री दोनला पंधरा माणसं गाडीकडे धावत येताना काय करायचं हे ठाऊक असणं वेगळं.

चौथा विषय झोपेचा. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं त्यात होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हा कायदा वाचून दाखवला की ती हसायची. त्यांना वाटायचं म्हातारा गंमत करतो आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात त्याचं मोल आम्हाला विचारा. सरकारने केबिन गार केली, आता त्या केबिनमधल्या माणसाला त्याचा हक्कही कळू द्या.

हे वाचून कोणी म्हणेल, "अहो, पोरांना धड वाचता येत नाही, आणि तुम्ही पेपर वाढवता?" आक्षेप खरा आहे. पूर्वी ट्रकच्या लायसन्सला आठवी पासची अट होती, ती २०१९ साली काढली. मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे. पंचवीस वर्षं स्टिअरिंग हातात धरलेल्या माणसाला दाखल्यावाचून अडवणं चूकच होतं. पण अट काढली तेव्हा तिच्या जागी काही ठेवलं नाही. वाचता न येणाऱ्याला ज्ञान नको, असं तर आपल्याला म्हणायचं नव्हतं ना? म्हणून माझं मागणं : हा पेपर ऐकूनही देता यावा. कानाला हेडफोन, पडद्यावर चित्र, आणि प्रश्न मराठीत बोलून विचारलेला. धारणी-चिखलदऱ्याकडच्या मुलांसाठी तो कोरकूतही असावा. मेळघाटातली पोरं आता गाड्यांवर येऊ लागली आहेत. त्यांना घाट आपल्यापेक्षा चांगला माहीत आहे, फक्त प्रश्न त्यांच्या भाषेत पोहोचला पाहिजे.

दुसरा आक्षेप एजंटाचा. पेपर वाढला की चहाचे पैसे वाढतात, हे आम्हाला शिकवू नका, आम्ही ते भोगलं आहे. पण एजंटाची दुकानदारी परीक्षेवर चालत नाही, ती भीतीवर चालते. पेपरात काय येणार हेच ठाऊक नसेल, तर माणूस पैसे देऊन मोकळा होतो. प्रश्नसंच, उत्तरं आणि प्रत्येक उत्तरामागचं कारण हातात असेल तर तो कशाला देईल? म्हणून पुस्तिका आधी, पेपर नंतर. पुस्तिका फुकट असावी, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह, आणि तिचा आवाजी पाठ मोबाईलवर असावा. गाडी चालवताना तो ऐकणारा उस्ताद शेजारच्या क्लीनरलाही शिकवेल.

तिसरा आक्षेप ट्रान्सपोर्टवाल्यांचा असतो : "आधीच ड्रायव्हर मिळत नाहीत." मिळत नाहीत, हे खरं. पण पोरं या धंद्यात का येत नाहीत? रात्रंदिवस गाडी, पगार अपुरा, आणि अपघात झाला की सगळे हात वर करतात. मान नसलेल्या कामाला माणूस टिकत नाही. ज्याने पेपर पास केला आहे, ज्याला वजन, वेळ आणि कायदा कळतो, त्याला मालकही जरा जपून बोलतो. चांगल्या परीक्षेमुळे ड्रायव्हर कमी होत नाहीत, त्यांची किंमत वाढते. ती वाढलेली नको असेल, तर तसं उघड सांगावं.

नियम ११ बदलणं आपल्या हातात नाही, तो केंद्राचा आहे, हे मला माहीत आहे. पण राज्याच्या वतीने तशी शिफारस पाठवणं आपल्या हातात आहे. नियम बदलेपर्यंतही बरंच काही करता येईल. नियम ३१ च्या अभ्यासक्रमावर आधारलेली मराठी पुस्तिका काढता येईल. जड वाहनाच्या चाचणीला आलेल्या उमेदवाराला निरीक्षकाने गाडीजवळच उभं करून पाच तोंडी प्रश्न विचारावेत, हवेचा गेज दाखव, स्लॅक अॅडजस्टर कुठे आहे, ताडपत्रीचा दोर कुठे बांधशील, असा रिवाज घालता येईल. त्याला वेगळा पैसा लागत नाही. फॉर्म ५ देणाऱ्या शाळांत खरोखर वर्ग भरतो का, हे न सांगता येऊन पाहता येईल. नापास झालेल्या मुलाला तो कोणत्या विषयात कमी पडला, हे लिहून देता येईल. आणि तालुक्याच्या ठिकाणी शिबिर भरेल तेव्हा एक तास सरावाच्या पेपरासाठी ठेवता येईल.

परतवाड्यापुरतं मी आपल्याला शब्द देतो. पुस्तिका छापून आली की तिच्या प्रती आम्ही डेपोच्या फाटकावर, संत्रा मंडीत, वजनकाट्यावर आणि बैतूल रस्त्यावरच्या ढाब्यांवर पोहोचवू. वर्गाला जागा आमची, बाक आमचे, आणि जळालेला ड्रम दाखवायला माझ्या पोराचं गॅरेज आहेच. जुने दोन-तीन उस्ताद शिकवायला तयार आहेत. त्यांच्याकडे दाखला नाही, पण घाटातल्या प्रत्येक वळणाचा अनुभव आहे. आपण फक्त प्रश्न पाठवा. आणि पहिल्या पेपराच्या दिवशी एखादा अधिकारीही पाठवा, म्हणजे पोट्ट्यांना कळेल की ही परीक्षा खरी आहे.

कळावे,

आपला,
परतवाड्याचा एक जुना मेकॅनिक